फांदीचं गवत

लढाईच्या शेवटच्या दिवसांत मी गवताच्या लॉरीवर हमाली केली. हौसेनं नव्हे. बेचाळीसला पत्रकं छापून वाटली म्हणून आत जाऊन आलो होतो. बाहेर आल्यावर शाळेतली मास्तरकी गेली, आणि बेळगावातले ओळखीचे लोक मला बघून रस्ता ओलांडू लागले. एका मक्तेदाराला गासड्या चढवायला माणसं हवी होती. माझा पूर्वेतिहास त्याला ठाऊक होता. पण गासडी उचलणाऱ्याचे विचार काय आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं, त्यानं फक्त माझे दंड बघितले.

जांबोटीकडच्या डोंगरात पाऊस दांडगा, गवत माणूस बुडेल इतकं वाढतं. ते लष्करासाठी सक्तीनं घेतलं जात होतं. कापणारे जांबोटीचे, जमीन जांबोटीची, आणि खाणार कुठल्याशा छावणीतली खेचरं. लाकडी पेटीत गवत टाकायचं, वर उभं राहून तुडवायचं, काथ्याचे दोन बंद आवळायचे, की झाली गासडी. नाकातोंडात कुसळं. रात्री खोकला आला की त्यातही गवत येई. रेल्वेचे डबे लढाईच्या सामानाला लागलेले, गुंजीच्या स्टेशनात गवताला कुणी विचारीना, म्हणून लॉऱ्या. बेळगाववरून सरळ निपाणी. निपाणीच्या अड्ड्यावर गासड्या उतरून घ्यायच्या, तिथून पुढं लष्कराच्या गाड्या नेणार.

पेट्रोल तर नावालाच होतं. लॉरीच्या बगलेला एक लोखंडी पिंप बसवलेलं, त्यात लोणारी कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. खाली विस्तव, वर वाळलेलं गवत, आणि त्या गवतावर मी. ड्रायव्हर बेळगावचा, पन्नाशीचा. आम्ही त्याला मामा म्हणायचो. मामा म्हणायचा, "ही लॉरी न्हवं रं, होळी हाय. निस्ती पेटायची ऱ्हायलीया."

चढावर ती होळी बैलगाडीच्या चालीनं चाले. तवंदीचा घाट लागायच्या आधी रस्त्याला लागून एक वड होता. त्याची एक फांदी रस्त्यावर आडवी आलेली. लॉरी मधोमध ठेवली तर भार फांदीला न लागता निघून जाई. डावीकडून घेतली तर फांदी गासड्यांवरून कंगव्यासारखी फिरे आणि बंदातून बाहेर आलेलं गवत ओरबाडून घेई. वर बसलेल्या माणसानं पालथं पडायचं, नाहीतर त्याचंही टाळकं फांदीला अडकायचं.

मामा लॉरी रोज डावीकडून घ्यायचा. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वडाखाली बाया आणि म्हातारी माणसं जनावरं घेऊन उभी असत, आणि त्यांत माझी थोरली बहीण असे.

आक्का वडाजवळच्याच गावात दिलेली. दाजी पलटणीत भरती होऊन गेलेले, कुठं आहेत ते लष्करालाच माहीत. घरात दोन लहान पोरं आणि एक गाभण म्हैस. त्या बाजूला दोन वर्षं पाऊस नव्हता. कडबा संपला, बांधावरचं गवत संपलं, छपरावरचं भाताचं पिंजारसुद्धा ओढून जनावरांना घातलं गेलं. म्हैस व्याली तर पोरांना दूध मिळणार, आणि व्यायची तर तोवर तिनं उभं राहायला हवं. आक्काच्या घरात दुसरा विषयच नव्हता. मी जेवायला बसलो की ती भाकरी वाढायची माझ्या ताटात, आणि डोळा असायचा गोठ्यात. नवरा लष्करात, आणि नवऱ्याच्या म्हशीच्या तोंडचा चाराही लष्करात. हे मी तिला एकदा सुनावलं. ती म्हणाली, "त्यास्नी खेचरं राखायच्या कामाला लावलं आसंल तर बरं. गवत घरच्याच माणसाकडं गेलं म्हणीन."

वडाखाली एक रीत होती. लॉऱ्यांच्याही आधीची, पिंजाराच्या बैलगाड्या जायच्या तेव्हापासूनची. फांदीनं जे घेतलं ते खाली उभं असणाऱ्याचं. गाडीला मात्र हात लावायचा नाही. फांदीला लटकलेलं आकडीनं ओढायचं, सगळं एका जागी करायचं, आणि जितकी जनावरं उभी तितके वाटे. तिथल्या शेताचे मालक, एक जैन म्हातारे, हे वाटे घालीत. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणे. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलत. स्वतःचे बैल उपाशी असले तरी वाटा आधी दुसऱ्यांचा काढत. मला त्यांचा राग यायचा. अजून येतो.

एकदा घाटाखाली मामा इंजिन चालू ठेवून विहिरीचं पाणी लॉरीत ओतत होता, तेवढ्यात मी खाली उतरून आप्पांना म्हणालो, "हे गवत आपल्याच डोंगराचं आहे. जबरदस्तीनं चाललंय. गावानं आडवं व्हावं आणि दहा गासड्या उतरून घ्याव्यात. भीक कशाला?"

"भीक? भीक कोन मागतंय?" आप्पा म्हणाले. "झाड देतंय."

"झाड देत नाही आप्पा, फांदीत अडकतंय."

"हां, तेच की. आमी काय झाडाला सांगिटलं व्हय, आडीव म्हणून?"

बाया हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, तुमी उतरून द्या की गासडी. तुमी तर वरच बसलासा." मग अजून हसल्या. आक्का हसली नाही. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मी पुन्हा वर जाऊन बसलो.

मी हरलो नव्हतो. रविवारी सुटी होती. आक्काच्या घरी बसून मी बोरूनं पत्रकं लिहिली. आजही ती मला तोंडपाठ आहेत, पण इथं देत नाही, कारण त्यांत म्हशीचा उल्लेखच नव्हता. साम्राज्यशाही होती, पिळवणूक होती, शेतकरी बंधूंनो होतं. चिकटवायला खळ हवी म्हणून आक्काच्या डब्यातलं मूठभर पीठ घेतलं आणि चुलीवर शिजवलं. ती पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली.

"काय शिजवतोस रं?"

"खळ. पत्रकं लावायला."

"माणसाच्या तोंडचं पीठ भित्तीला?"

"आक्का, लोकांना जागं करायला..."

"लोक जागंच हाईत. भुकेनं झोप कुटं लागतीया?"

तरी मी पत्रकं लावली, वडाच्या बुंध्यावरच. दुसऱ्या दिवशी लॉरीवरून वाकून बघितलं तर बुंधा स्वच्छ. संध्याकाळी कळलं, आक्काच्या म्हशीनं जिभेनं खळ चाटता चाटता कागद खाल्ले होते, सगळेच्या सगळे. गावभर हसू झालं. आप्पा म्हणाले, "म्हस वाचून शानी झाली बगा. आता ती लाथ मारनार." एवढं मनापासून हसलेलं ते गाव मी त्यानंतर बघितलं नाही.

मग गासडी पडली.

त्या दिवशी भार एका बाजूला कलता होता आणि लॉरी जरा जास्तच डावीकडं गेली. फांदी गवतात शिरण्याऐवजी काथ्याच्या बंदात अडकली. बंद तुटला आणि आख्खी गासडी माझ्या पायाशेजारून सरकत खाली, आक्काच्या पुढ्यात. मामाला घाटाच्या तोंडाशी थांबता येईना, चढाला गती मोडली की गॅसचं इंजिन बंद पडतं, आणि पुन्हा पेटवायला अर्धा दिवस जातो. त्यानं खिडकीतून तोंड काढलं आणि ओरडला, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या! घाला जनावरांस्नी!" मीही वरून ओरडलो. माझ्या आयुष्यात मी सरळ आनंदानं ओरडलो असेन तर तेव्हाच. आख्खी गासडी! म्हशीला किती दिवस पुरली असती याचा हिशेब मी घाट चढेपर्यंत करत होतो.

दुसऱ्या दिवशी वडाखाली जनावरं होती, पण माणसं कमी. आप्पा नव्हते. आक्का होती. मी वरून विचारलं, "गासडी?" तिनं निपाणीकडं हात केला.

अड्ड्यावर पोचलो तर मक्तेदाराच्या बाकड्यासमोर आप्पा उभे, आणि गावातली तीन माणसं घामाघूम. पायांशी गासडी. बैलांच्या अंगात गाडी ओढायची ताकद नव्हती, म्हणून माणसांनी पाळीपाळीनं डोक्यावर घेऊन घाट चढवून आणली होती. तुटलेल्या बंदाच्या जागी हिरव्या लुगड्याचा काठ फाडून आवळलेला. तो काठ मी ओळखला. आक्काचा होता. रात्रभर ती गासडी आप्पांच्या अंगणात पडली होती, भोवती उपाशी जनावरं दावणीला, आणि एकाही माणसानं तिच्यातली काडी ओढली नव्हती. हे ज्यांना मोठं वाटत असेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मला ते बघून ओरडावंसं वाटलं.

आप्पा सांगत होते, "ड्रायव्हरवर आळ यायला नगं. त्येची चूक न्हाय. फांदीनं बंद तोडला."

मक्तेदार भला माणूस होता, म्हणजे भल्यासारखा बोलायचा. त्यानं चहा सांगितला. "आप्पा, अशी मानसं आता ऱ्हायली न्हाईत बगा. दुसऱ्यानं गिळली असती."

"गिळून कसं चालंल? आमचं असतं तर घेतलंच असतं. रोज जे पडतंय ते घेतोच की आमी. हे रोजचं न्हवं, बांधल्याली गासडी मालकाची, म्हणून आणली."

चहाचा कप मक्तेदाराच्या हातात तसाच राहिला. "रोज पडतंय?"

मी आप्पांच्या पाठीमागून, मक्तेदाराला दिसणार नाही असा आडोसा धरून, मान हलवत होतो. नाही म्हणा, नाही म्हणा. आप्पांनी वळून माझ्याकडं बघितलं. "ह्यो मास्तर का मान हलिवतोय रं? उचकी लागलीय काय? पानी द्या त्येला." आणि पुन्हा मक्तेदाराकडं वळून त्यांनी सगळं सांगितलं. फांदी कशी आडवी येते, लॉरी डावीकडून आली की किती अडकतं, वाटे कसे पडतात, बैलगाड्यांच्या काळी कसं होतं. अभिमानानं सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं त्यात लपवण्यासारखं काय होतं? चोरी असती तर लपवली असती.

गासडी अड्ड्याच्या कोपऱ्यात सारली गेली. लष्कराचा तपासनीस काथ्याचे दोन बंद मोजूनच गासडी पास करायचा. लुगड्याचा काठ त्याच्या नियमात नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मामाच्या शेजारी मक्तेदाराचा कारकून बसला. लॉरी रस्त्याच्या मधोमध चालू लागली. पण मक्तेदाराला तेवढ्यानं समाधान नव्हतं. समोरून गाडी आली तर लॉरी बाजूला घ्यावीच लागणार. आठवडाभरात रस्त्याचा मुकादम कुऱ्हाडी घेऊन वडाखाली आला. फांदी वाहतुकीला अडथळा आहे, म्हणाला. गेली कित्येक वर्षं ती कुणाला अडथळा झाली नव्हती.

मी तालुक्याच्या कचेरीत धावलो. अर्ज नेला नाही, मी अर्जातला माणूस नव्हे. तोंडानंच भांडलो. साहेब शांत होता. त्यानं विचारलं, "झाड कुणाचं?"

"सरकारचं."

"गवत?"

"तुम्ही घेतलेलं."

"म्हणजे सरकारचं. मग तुमचं त्यात काय?"

"म्हैस," मी म्हणालो. कचेरीतली माणसं हसली. माझ्या तुरुंगाचं माझं मलाच कौतुक होतं तोवर, पण तिथं उभं राहून मला जितकं लहान वाटलं तितकं तुरुंगात एक दिवसही वाटलं नव्हतं.

परत आलो तर फांदी तुटत होती. तोडणारे गावातलेच, गासडी डोक्यावर नेणारेच. मुकादमानं सांगितलं होतं, मजुरीशिवाय पालाही तुमचा. आणि वडाचा पाला जनावरं आवडीनं खातात. मी आप्पांवर धावून गेलो. "आप्पा, काय करताय हे? तुमच्या हातानं?"

"आमी न्हाय तोडली तर दुसरी मानसं आणणार. मग पालाबी तेच नेणार." आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले. "खाली पडलेलं खालच्याचं, तम्मा. फांदीसुद्धा."

कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. पाल्याचेही वाटे पडले. आक्काच्या म्हशीनं तो पाला अधाशासारखा खाल्ला. चिकानं तोंड पांढरं झालं. जिनं तिला इतके दिवस जगवलं ती फांदी ती खात होती, आणि कितीतरी दिवसांनी तिचं पोट भरलेलं दिसत होतं. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बग कशी खातीया!" त्या आवाजातला आनंद मला सहन झाला नाही.

पाला सरला. बाकीची माणसं वडाखाली यायची बंद झाली. काय करणार येऊन? पण म्हशीला लॉरीचा भोंगा ठाऊक झालेला. लांबून आवाज आला की ती दावं ओढायची, आणि सोडली की आपण होऊन वडाखाली येऊन मान वर करून उभी राहायची. वर नुसतं आभाळ. लॉरी मधून निघून जायची. आक्का तिच्यामागून येऊन दावं धरून उभी राहायची, माझ्याकडं न बघता.

एके दिवशी माझ्यानं राहवलं नाही. कारकून पुढं बसलेला, त्याला मागचं दिसत नव्हतं. मी गासडीतून कवळाभर गवत उपसलं आणि खाली फेकलं. म्हैस पुढं झाली आणि खाऊ लागली. तिला रीत कुठं ठाऊक! आक्कानं दावं खेचलं. जोर लावून खेचलं, म्हशीच्या तोंडातून काड्या लोंबत होत्या. मग लॉरी वळली.

संध्याकाळी मी मुद्दाम गावात उतरलो. "का खेचलंस?" मी विचारलं.

"ते तू टाकलंस."

"मग?"

"झाडानं न्हवं. तू." ती चुलीपुढं बसली होती. "आदी आमी खाली हुबं ऱ्हायचो, तर कुनी काय म्हनायचं न्हाय. आता तू वरनं टाकनार, मी खालनं उचलनार. चोराची बहीन म्हनत्यात मग. तुज्या दाजींची पलटनीतली चाकरी हाय. हितं त्यांच्या घरात चोरी कशाला?"

"आक्का, ती मरेल."

"मला काय दिसत न्हाय व्हय?" ती एकदम ओरडली. पोरं दचकली. "मला दिसत न्हाय व्हय रं?"

मी पुन्हा गवत टाकलं नाही. टाकलं असतं तरी तिनं घेतलं नसतं. आणि कोण बरोबर हे ठरवायला माझ्याजवळ तेव्हा काही नव्हतं. पत्रकांत हा प्रश्न आलाच नव्हता.

म्हैस व्यायच्या आधीच बसली. म्हशी बसल्या की गावातली माणसं बांबू लावून उचलतात. उचलली, पुन्हा बसली. मी लॉरीवरून जाताना गोठ्याकडं बघायचो. एके दिवशी भोंगा वाजला आणि गोठ्यातून म्हशीचा आवाज आला नाही. मामानं पुन्हा एकदा भोंगा दिला. कारकून त्याच्यावर खेकसला. म्हैस गेली होती. रेडकू पोटातच गेलं. आक्कानं पोरांना त्या दिवशी गूळपाणी दिलं आणि मला सांगितलं, "जेवून जा." मी जेवलो. मग तीच म्हणाली, "दाव्याचं काय करायचं रं आता?"

लढाई संपली. लष्कराच्या गाड्या यायच्या थांबल्या. निपाणीच्या अड्ड्यावर गासड्यांच्या गंज्या तशाच उभ्या राहिल्या. मक्तेदाराला त्याचं मिळून गेलं होतं, गंज्या झाकायला ताडपत्री घालण्याचं कारण त्याला उरलं नव्हतं. मग पाऊस आला. दोन वर्षांनी आला आणि भरपूर आला. गवत आतून तापलं, वाफा निघाल्या, काळं पडलं, त्यावर आळंबी उगवली. बोरगावपर्यंत त्याचा वास जायचा, असं लोक म्हणत. आम्हा हमालांना ते उचलून खड्ड्यात टाकायचं काम मिळालं.

कोपऱ्यातल्या ढिगाखाली मला ती सापडली. लुगड्याचा काठ बांधलेली गासडी. जिथं सारली होती तिथंच. खेचरांनी तिच्यातली काडी खाल्ली नव्हती. हात लावला तर गवत शेणासारखं हातात आलं. काठ मात्र टिकला होता, नुसता मळला होता.

मी ते लिहून काढायला बसलो. हे छापलंच पाहिजे, असं वाटलं. चार ओळींपलीकडं गेलो नाही. कुणाला उद्देशून लिहायचं? शेतकरी बंधूंनो? त्यांना तर माहीतच होतं.

आक्काकडं गेलो तेव्हा तिला सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण मी खोटं बोलायला शिकलो नाही, तेवढं एक आप्पांच्या गावातलं मला लागलेलं आहे. ती ज्वारी पाखडत होती. नव्या पावसाचं पीक अजून लांब होतं, ही ज्वारी कुणाकडून तरी आणलेली. सूप थांबवून तिनं विचारलं,

"समदं कुजलं?"

"सगळं. काळं झालंय."

"आन आमची गासडी?"

"ती पण. तिथंच पडलेली होती. नेलीच नाही."

तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "गाठ सुटली न्हवती न्हवं?"

"नाही. होती तशीच होती."

"मग झालं," आक्का म्हणाली, आणि पुन्हा पाखडू लागली.

गोठ्यात दावं खुंटीला गुंडाळून ठेवलेलं होतं. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा, ते तेव्हाही नीट सांगता येत नव्हतं. वडाखालून परतताना मी वर बघितलं. तोडल्या जागी चीक वाळून काळा डाग पडलेला. नवी लॉरी गेली, तंबाखूच्या गोणपाटी बोदांनी भरलेली. रस्त्याच्या मधोमध गेली आणि तिला कुठंच काही अडलं नाही.